झाड दिवसा कमावतं, खर्च मात्र रात्रंदिवस करतं: प्रकाशसंश्लेषण आणि श्वसनाबद्दल खानदेशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हा विषय दोन प्रकारची माणसं विचारतात. दहावी-बारावीच्या पोरांना गुण हवे असतात. शेतकऱ्याला पाण्यात उभ्या कपाशीनं मान का टाकली, नाहीतर फेब्रुवारीत गहू एकदम का पिकून गेला, हे हवं असतं. उत्तरं दोघांची एकच निघतात, म्हणून प्रश्न इथं एकत्रच ठेवलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: शाळेत सगळा मान प्रकाशसंश्लेषणाला मिळतो, वनस्पतींचं श्वसन दोन परिच्छेदांत उरकतात, आणि आपल्याकडचं निम्मंअधिक नुकसान त्या दोन परिच्छेदांतल्या गोष्टींमुळे होतं.

दोन्ही क्रिया थोडक्यात सांगा.

प्रकाशसंश्लेषणात हिरवं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन, उन्हाच्या जोरावर साखर बनवतं. ऑक्सिजन बाहेर पडतो. श्वसनात तीच साखर ऑक्सिजन वापरून मोडली जाते, तिच्यातली ऊर्जा पेशीच्या कामी येते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. पहिली झाडाची कमाई, दुसरा घरखर्च. कमाई फक्त हिरव्या भागात आणि फक्त उजेडात होते. खर्च मुळापासून शेंड्यापर्यंत, प्रत्येक जिवंत पेशीत, चोवीस तास चालू असतो.

म्हणजे दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन, असंच ना?

नाही. उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच. श्वसन दुपारी बारालाही चालू असतं. फक्त त्या वेळी पानात कमाई इतकी जोरात असते की श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथेच वापरला जातो, बाहेर दिसत नाही. पहाटे उजाडताना आणि सांजेला एक वेळ अशी येते की दोन्ही क्रिया बरोबरीत असतात. पान हवेतून काही घेतही नाही आणि हवेला काही देतही नाही.

दाट केळीच्या बागेत खालच्या पानांवर ही बरोबरीची वेळ दिवसभर रेंगाळते. वरच्या पानांनी उजेड अडवलेला, त्यामुळे खालचं जुनं पान जेमतेम स्वतःपुरतं कमावतं, कधी तेवढंही नाही. पिवळी पडून लोंबणारी पानं कापतात त्यामागे करप्याचा प्रसार रोखणं हे मुख्य कारण असलं, तरी ती कापल्यानं घडाचं नुकसान होत नाही ते यामुळेच. हिरवी, उन्हात असलेली पानं मात्र हातची घालवू नयेत. निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळी झाडावर किमान आठेक चांगली पानं हवीत असं सांगतात, कारण पुढं घड भरतो तो मुख्यतः त्या पानांच्या जिवावर. निसवण झाल्यावर केळीला नवं पान येत नाही.

घडाचं वजन येतं कुठून? आम्ही तर खत घालतो.

खत लागतंच, पण वजन खतातून येत नाही. केळीच्या गराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी. उरलेल्या सुक्या भागातलाही फार मोठा वाटा कार्बन आणि ऑक्सिजनचा, आणि तो हवेतून आलेला. जमिनीतून आलेली पोटॅश, मॅग्नेशियमसारखी द्रव्यं म्हणजे ती वस्तू जाळल्यावर हातात राहणारी राख, इतकीच.

बेल्जियममधल्या व्हॅन हेल्मोंट यांनी हे मोजायचा प्रयत्न केला होता. तो प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. त्यांनी २०० पौंड सुकी माती तोलून कुंडीत भरली आणि तिच्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती दोनेक औंसच घटली. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. अर्धंच बरोबर. हवेकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, आणि त्यात नवल नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आजही जेमतेम ०.०४ टक्के आहे. एवढ्या विरळ मालातून बागच्या बाग उभा राहतो हे अजूनही पटायला जड जातं.

ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो की पाण्यातून?

पाण्यातून. रुबेन, कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार) असलेलं पाणी वनस्पतीला देऊन पाहिलं, तर बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. हे नीट लक्षात ठेवा, पुढं पिंपळाच्या प्रश्नात लागणार आहे.

पानाच्या आत नेमकं काय घडतं?

काम दोन टप्प्यांत चालतं. हरितलवकातल्या पातळ चकत्यांवर हरितद्रव्य असतं. ते प्रामुख्यानं लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा त्या मानानं कमी, म्हणून पान हिरवं दिसतं. शोषलेल्या ऊर्जेनं पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन सुटतो, आणि एटीपी व एनएडीपीएच हे दोन ऊर्जावाहक रेणू तयार होतात. दुसऱ्या टप्प्यात, चकत्यांभोवतीच्या द्रवात, हे दोन्ही रेणू खर्ची घालून कार्बन डायऑक्साइडची साखर केली जाते. या चक्राच्या उलगड्यासाठी मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं. ग्लुकोजच्या एका रेणूमागे १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच लागतात.

या दुसऱ्या टप्प्याला काही पुस्तकं ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणतात. त्या नावावर जाऊ नका; ती अंधार पडल्यावर होत नाही. पहिल्या टप्प्याचा माल संपला की तीही थांबते.

दिवसभरात बनलेल्या साखरेचा काही भाग पानातच स्टार्च म्हणून साठतो आणि रात्री पुन्हा साखर होऊन मुळांकडे, घडाकडे, बोंडाकडे जातो. रात्री वाढ होते ती या साठ्यावर.

रात्री पिंपळ ऑक्सिजन सोडतो, हे खरं का? मग आजी ‘रातले झाडखाले झोपू नको’ का म्हणायची?

पिंपळाचं म्हणणं खरं नाही. ऑक्सिजन पाणी फुटून येतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. चांदण्यात ते होत नाही. पिंपळ, वड, निंब, कोणीही रात्री ऑक्सिजन देत नाही, सगळेच घेतात.

आजीचा सल्ला चांगला होता, पण कारण श्वसनाचं नाही. शांत झोपलेला माणूस तासाला सुमारे १० ते १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोलीतली मध्यम कुंडी तासाला शंभर मिलिलिटरही सोडत नाही. त्या हिशेबानं शेजारी झोपलेला भाऊ कुंडीपेक्षा शंभरपट धोकादायक ठरेल. उघड्यावर तर झाडानं सोडलेला वायू वाऱ्यानं लगेच पांगतो. झाडाखाली साप, विंचू, वाळकी फांदी यांची भीती मात्र खरी. उन्हाळ्यात अंगणात खाट टाकणाऱ्यांनी निंबाखाली टाकली तर त्यांचा जीव गुदमरणार नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा झाडं जास्त अन्न बनवतात का? ऊन तर भरपूर असतं.

उलट. भुसावळ-रावेर पट्ट्यातल्या कुठल्याही केळीच्या बागेत मे महिन्यात दुपारी दोनला जाऊन बघा. पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेवर दुमडून खाली लोंबलेले दिसतात. पाणी वाचवायला झाडानं केलेली ती सोय आहे. त्याच वेळी पानावरची पर्णरंध्रंही मिटत जातात. ती मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. ऊन डोक्यावर आणि पान रिकामं बसलेलं.

दुसरी अडचण आणखी खोलवरची आहे. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) संथ आहे आणि थोडं भोळंही. ते चुकून ऑक्सिजनही पकडतं. तसं झालं की बनवलेल्या मालातला काही कार्बन वाया जातो आणि त्यातून एटीपीही मिळत नाही. याला प्रकाशश्वसन म्हणतात. नाव श्वसनाचं असलं तरी खऱ्या श्वसनाशी त्याची गल्लत करू नका. उष्णता वाढली आणि रंध्रं मिटली की हा अपव्यय वाढतो. केळी, कपाशी, गहू, हरभरा, तूर, आंबा हे सगळे यात सापडतात.

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस मात्र यातून बऱ्यापैकी सुटले आहेत. ती पिकं आधी दुसऱ्या एका विकरानं कार्बन पकडून चार कार्बनांचं आम्ल बनवतात, ते शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन तिथं कार्बन डायऑक्साइड मोकळा करतात. रुबिस्कोभोवती त्याची इतकी दाटी होते की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली हा मार्ग मांडला. त्याला एटीपी जास्त लागतात, म्हणून थंड, ढगाळ मुलखात त्याचा फारसा लाभ नाही. तापीकाठच्या उन्हात आहे.

केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण करतात, ते या दृष्टीनंही पाहण्यासारखं आहे. गरम झोत अडला की पानाजवळची हवा थोडी ओलसर राहते आणि रंध्रं जरा जास्त वेळ उघडी राहतात. पानं फाटतही नाहीत.

कोरफड आणि निवडुंग उन्हाळा कसा काढतात?

ते रंध्रं रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा दारं लावून आत साखर करतात. ‘कोरफड रात्री ऑक्सिजन देते’ ही अफवा यातूनच निघाली असावी. रात्री ती कार्बन डायऑक्साइड घेते, एवढंच. ऑक्सिजन दिवसाच बनतो.

झाडाला नाक नाही, फुफ्फुस नाही. हवा आत जाते कशी?

पानांत पर्णरंध्रांतून, खोडावर वल्करंध्रांतून (शेवग्याच्या फांदीवर ती बारीक पुळ्यांसारखी दिसतात) आणि मुळांत मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. झाड हवा ओढत नाही, ती आपोआप पसरत आत जाते. म्हणून पोकळ्या बुजल्या की मुळाकडे दुसरा उपाय नसतो.

शेतात पाणी साचलं की कपाशी मान टाकते. पाणी भरपूर असताना झाड सुकतं कसं?

प्रत्येक पावसाळ्यात येणारा प्रश्न. बरेच जण याला रोग समजून औषध फवारतात.

आपली काळी माती चिकणमातीची. भिजली की फुगते आणि तिच्यातल्या पोकळ्या मिटतात; उरलेल्या पोकळ्यांत पाणी भरतं. ऑक्सिजन हवेतून जितका झपाट्यानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यातून पसरतो. मातीत होता नव्हता तो ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून लवकरच संपवतात. मग मुळाला विनॉक्सिश्वसनावर दिवस काढावे लागतात. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून ३० च्या आसपास एटीपी मिळाले असते, आता फक्त २ मिळतात. वर अल्कोहोल साचतं.

पाणी आणि क्षार आत घेण्यासाठी मुळाच्या पेशी जिवंत आणि कामात असाव्या लागतात. ऊर्जाच नसेल तर मुळाचं पाणी घेणं मंदावतं, आणि गुडघाभर पाण्यात उभं झाड तहानेनं सुकतं. बरेच दिवस कोरड पडून मग जोराचा पाऊस झाला आणि लगेच कडक ऊन पडलं, की बोंडांनी लदलेली कपाशी एक-दोन दिवसांत कोमेजते. आकस्मिक मर म्हणतात ती हीच. वरच्या उन्हाची मागणी मोठी, खालचं मूळ गुदमरलेलं.

म्हणून पहिलं काम चर काढून पाणी बाहेर काढण्याचं. वापसा आला, म्हणजे माती कामाजोगी सुकली, की कोळपं चालवून माती मोकळी करायची. जुनी माणसं वापशाशिवाय शेतात पाय ठेवू देत नसत. ओल्या रानात औत घातलं की माती दाबली जाऊन घट्ट होते, आणि ती शिक्षा मुळं पुढचे कित्येक आठवडे भोगतात.

मग नवापूरकडचा भात पाण्यात कसा उभा राहतो? भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या लांब पोकळ नळ्या असतात. पानाकडून आलेला ऑक्सिजन त्यांतून खाली मुळापर्यंत उतरतो. कपाशीला ही सोय नाही.

एका ग्लुकोजमधून ३८ एटीपी की ३२?

बऱ्याच शालेय पुस्तकांत ३८ दिलेलं असतं. परीक्षेत तुमच्या पुस्तकात असेल तेच लिहा. नंतरच्या मोजणीत तो आकडा ३० ते ३२ वर आला, कारण तंतुकणिकेत (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात) सगळा व्यवहार गळतीविना होत नाही.

क्रम असा: पेशीद्रवात ग्लायकोलायसिस, मग तंतुकणिकेत क्रेब चक्र, शेवटी इलेक्ट्रॉन वहन साखळी. क्रेब यांनी ते चक्र १९३७ साली मांडलं, नोबेल १९५३ साली मिळालं. ऑक्सिजनची प्रत्यक्ष गरज शेवटच्या पायरीवर पडते, पण ती पायरी अडली की मागचं क्रेब चक्रही अडतं.

रात्री उकाडा असला की पिकाचं काय बिघडतं? रात्री तर ऊन नसतं.

याच कारणानं बिघडतं. रात्री कमाई शून्य, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. दिवसभरात मिळवलेला बराचसा माल झाड एरवीही श्वसनात खर्च करतं. अनेक पिकांत तो निम्म्याच्या आसपास जातो. उकाड्याच्या रात्रीत तो आणखी वाढतो, आणि दाण्यात जायचं ते हवेत जातं.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरच्या नोंदींवरून २००४ साली असं दिसलं की रात्रीचं किमान तापमान १ अंशानं वाढलं तर भाताचं उत्पादन १० टक्क्यांनी घटतं. सगळा दोष श्वसनाचा नसेल, पण त्याचा वाटा त्यात मानला जातो. आपल्याकडे फेब्रुवारीतच गरमी सुरू झाली की गव्हाचा दाणा बारीक राहतो. एक तर दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, आणि रात्रीचा खर्च वाढतो. पेरणी लांबवली की हा फटका हमखास बसतो.

कापलेला केळीचा घड जिवंत असतो का?

असतो. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे निघालेली गाडी म्हणजे श्वसन करणाऱ्या कोट्यवधी पेशींची गाडी. कमाई बंद झालेली, साठ्यावर जगणं चालू.

कच्च्या केळात सुमारे २० टक्के स्टार्च असतो, पिकल्यावर एक-दोन टक्के उरतो. बाकीच्याची साखर होते. या बदलाची वर्दी इथिलीन वायू देतो. इथिलीन वाढलं की केळाचं श्वसन एकदम उसळतं, उष्णता निघते, गर मऊ होतो आणि सालीतलं हरितद्रव्य मोडून पिवळेपणा दिसू लागतो. एक पिकलेलं केळ शेजाऱ्यांनाही पिकवतं ते त्याच्या इथिलीनमुळे.

पिकवणगृहात हाच वेग हातात ठेवतात. साधारण १६ ते १८ अंश तापमान, भरपूर ओलावा आणि मोजून दिलेला इथिलीन वायू. मधूनमधून दार उघडून हवा बदलावी लागते, हे काही जण विसरतात. श्वसनानं साचलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनच्या कामात अडथळा आणतो आणि माल ठिकठिकाणी वेगवेगळा पिकतो. कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्याच्या पुडीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात.

‘मग एकदम थंड ठेवलं तर श्वसन थांबेल की,’ असं एका व्यापारीदादांनी विचारलं होतं. मंदावेल, पण केळाला १३ अंशांखाली इजा होते. साल आतून तपकिरी पडते, पिकणं बिघडतं. फ्रिजमधलं केळ काळं पडतं ते त्यामुळेच. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की उभ्या बागेलाही हाच त्रास: पानं पिवळी, निसवण अडकलेली. शेतकरी त्याला चरका बसला म्हणतात.

ज्वारी-मका साठवताना पोतं गरम का लागतं?

दाणा जिवंत आहे आणि ओला आहे म्हणून. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर दाण्याचं श्वसन जवळजवळ झोपलेलं असतं. १४ च्या वर गेलं की ते जागं होतं, उष्णता आणि पाणी सोडतं, त्या पाण्यानं आणखी श्वसन वाढतं, मग बुरशी आणि किडेही सामील होतात. मका घाईनं गंजीला लावला की आत हात घालवत नाही इतका तापतो. दाताखाली कट्ट वाजला तरच कोठीत, ही पद्धत ओलावामापकाइतकी अचूक नसली तरी बिनचूक दिशेची आहे.

बंद पेवाची (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याची) गोष्ट मात्र जिवावरची. आतल्या दाण्यांनी, बुरशीनं ऑक्सिजन संपवलेला असतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी बसलेला असतो. पेव उघडल्यावर बराच वेळ हवा खेळू द्यायची, जळता कंदील दोरीनं सोडून बघायचा. तो विझला तर कोणीही उतरायचं नाही. विझला नाही तरी माणूस एकटा उतरवू नये.

लाल-जांभळी पानं अन्न बनवतात का? कपाशीच्या लाल्याचं (पानं लाल पडण्याचं) काय?

शोभेच्या लाल पानांत हरितद्रव्य असतंच, लाल रंगाखाली झाकलेलं. लाल्याची गोष्ट वेगळी: तिथं हरितद्रव्य खरंच कमी झालेलं असतं. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. बोंडं भरताना जुन्या पानांतलं मॅग्नेशियम आणि नत्र निघून जातं आणि रात्री थंड व्हायला लागल्या की लाल रंग वर दिसतो. तेव्हा फवारणीआधी झाडाला काय कमी पडलं ते बघावं.

एवढी झाडं लावतात, ऑक्सिजन वाढेल का?

फारसा नाही. भरलेलं जुनं जंगल दिवसा बनवतं तेवढा जवळजवळ सगळा ऑक्सिजन त्या जंगलातली झाडं, बुरशी आणि जिवाणू मिळून वापरतात. जगातला निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन समुद्रातले सूक्ष्म प्लवक बनवतात. सातपुड्यात झाडं लावायला सावली, पाणी, माती ही कारणं पुरेशी आहेत.

घरी किंवा शाळेत करता येईल असा प्रयोग?

प्रकाशसंश्लेषणासाठी सगळे आयोडीनचा प्रयोग करतात. कुंडीतली जास्वंद दोन दिवस अंधारात, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून ती उन्हात, मग पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीन. स्पिरिट कधीही थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यातच ठेवा. पाण्यातला हायड्रिला मिळाला तर बुडबुडे मोजता येतात. जगदीशचंद्र बोस यांनी १९२० च्या दशकात याच वनस्पतीच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणारं यंत्र बनवलं होतं.

श्वसनाचा प्रयोग कुणी करत नाही, म्हणून तो आवर्जून करा. मोड आलेली मटकी थर्मासमध्ये अर्धी भरा, बुचातून तापमापक घाला आणि कापसानं फट बंद करा. शेजारी दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून गार केलेली मटकी ठेवा. दुसऱ्या दिवशी जिवंत मटकीचं तापमान काही अंशांनी जास्त दिसेल. उकळलेली मटकी आधी पातळ जंतुनाशकात बुचकळून घ्या, नाहीतर तिच्यावर वाढलेले जिवाणूही उष्णता देतात आणि सगळा हिशेब चुकतो.

मोड आलेल्या मटकीच्या बाटलीतली हवा चुन्याच्या निवळीत नळीनं सोडली तर निवळी दुधाळ होते. नाही झाली तर मटकीला दोष देण्याआधी निवळी ताजी आहे का बघा. उघडी राहिलेली निवळी हवेतलाच कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच निकामी झालेली असते.